कामेची पहिली वही

१

ताईच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी तिच्या किचनरच्या घराच्या बेसमेंटमध्ये उतरले, लोखंडी कपाट उघडलं, आणि पहिली वही जागेवर नव्हती.

शनिवारी दुपारी बारा वाजता मी स्वतः वह्या मोजल्या होत्या. सहा. प्रत्येक वही झिपच्या पिशवीत बंद, कण्यावर ताईच्या हातचे जाड आकडे: १, २, ३, ६१, ६२, ६३. मधल्या सत्तावन्न वह्या घरं बदलताना हरवल्या, असं माझी भाची चैत्राली सांगायची. ताई गेल्यावर तिनेच त्या खोक्यातून काढून अशा ओळीने लावल्या होत्या. आता पाच उरल्या होत्या आणि डाव्या टोकाला बोटभर फट होती.

मी विंडसरच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं गाड्यांचे ब्रेक तपासले. तिथली शिस्त अशी, की खोट सापडली की आधी लाइन थांबवायची, नीट बघायचं आणि मग बोलायचं. त्या सकाळी मी आधी बोलले. ज्याने वही नेली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि ठरवलं, की त्याला चारचौघांत उघडा पाडायचा, आणि तो रडायला लागला की समोर खुर्ची टाकून बघत बसायचं.

माझा राग समजायला हवा असेल तर ताईची गोष्ट आधी सांगायला हवी. अरुणाताई पुण्यात भूगोल शिकवायची. हौसेने जपानी शिकली, शिष्यवृत्ती मिळाली आणि १९८६ साली क्योटोला गेली. त्याच वर्षी तिचे यजमान शरदचंद्र संशोधनासाठी वॉटर्लूला गेले. चार वर्षांची चैत्राली पुण्यात राहिली, आईकडे आणि माझ्याकडे. बाप कॅनडात गेला तेव्हा लोकांनी पेढे मागितले. आई जपानला गेली तेव्हा मात्र सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, आणि त्यात माझंही होतं. पाच वर्षांनी ताई जपानहून यजमानांकडे कॅनडात आली आणि चैत्रालीलाही घेऊन गेली; पुढे काही वर्षांनी मीही आले.

क्योटोत ताईने आसागिरी नावाच्या कंपनीत अर्धवेळ काम धरलं. टोफूच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत चार पोरांनी काढलेली कंपनी. आधी ते शाळांसाठी टायपिंग शिकवणारी सॉफ्टवेअर करायचे, ती कोणी घेईना. मग त्यांनी एक गेम करायला घेतला, गावोगाव हिंडत, माणसांशी बोलत, हळूहळू बळ वाढवत खेळायचा. 'सात सरोवरं'. एक मुलगी आटलेल्या सात सरोवरांत पाणी परत आणायला निघते. तो गेम तुफान चालला आणि बुडायला आलेली आसागिरी तरली. जपानमध्ये आज पन्नाशीला आलेली माणसं त्यातल्या वाटा डोळे मिटून सांगतात म्हणे.

त्या काळी तिथल्या कंपन्या गेमच्या शेवटी खरी नावं देत नसत. चांगला माणूस दुसऱ्या कंपनीने पळवू नये, म्हणून प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचं. 'सात सरोवरं'च्या शेवटी लिहिलंय, 'कथा आणि नकाशे: कामे'. कामे म्हणजे कासव.

आता कंपनीला चाळीस वर्षं होतायत, तिचा जाडजूड इतिहास निघतोय आणि त्यात टोपणनावांमागची खरी माणसं छापायची आहेत. सगळी सापडली, कामे सोडून. जुनी कंपनी मोठ्या कंपनीत विलीन झाली तेव्हा कागदपत्रं गेली. आणि कामे आपणच, असं सांगणारा एक माणूस पुढे आलाय. ताई हयात नाही, तिच्या बाजूने बोलायला होत्या फक्त तिच्या वह्या. शुक्रवारी पुस्तक छपाईला जाणार होतं.

मी वर आले. चैत्राली डिशवॉशर रिकामा करत होती.

"पहिली वही गेली," मी म्हटलं. "पहिल्या गेमची. चोरली कुणीतरी."

तिने हातातली ताटली जागेवर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "मावशी, सोडून दे ना. आई इज गॉन. आता नाव छापून काय होणार आहे?"

बिचारी, अजून सावरली नाही, असं मला वाटलं. मी कोट चढवला आणि पहिल्या संशयिताला फोन लावला.

२

शनिवारी जेवायला बाहेरची तीनच माणसं होती. पहिली अनुया. ही मॉन्ट्रियलची, टोकियोत शिकलेली, आणि आसागिरीच्या इतिहासाची इंग्रजी आवृत्ती तीच करत होती. वह्यांचे फोटो काढायला ती मुक्काम करून थांबली होती. पिशव्या कुणी उघडू नका, जुना कागद आहे, मी हातमोजे घालून काढते, असं तिने आठवडाभर आधी बजावलं होतं.

हॉटेलजवळच्या कॉफीच्या दुकानात ती बॅग घेऊनच आली.

"देझोले, माफ करा, मृणालिनीताई. खरंच वाईट वाटलं. पण पहिलीच वही नसेल तर मी फोटो कशाचे काढू? दुपारनंतर स्नोस्टॉर्म आहे, त्याआधी मला मॉन्ट्रियल गाठायचंय."

"तू काल बेसमेंटमध्ये गेली होतीस," मी म्हटलं.

"वॉशरूमला. वरचं बिझी होतं." ती रागावली नाही. "सगळेच गेले होते. शशिकांत हात धुवायला. पुष्कर तुमच्या ताईंच्या जुन्या गेमच्या कार्ट्रिजेसचं खोकं बघायला. चैत्राली फ्रीझरमधून आइस्क्रीम आणायला. तुम्ही तेवढ्या वर वाढत होता."

"तुझ्या पुस्तकात शशिकांतरावांची मुलाखत आहे ना? कामे म्हणून?"

आता मात्र तिने कप खाली ठेवला. "आहे. अख्खं चॅप्टर आहे. तुमची वही खरी ठरली असती तर ते मला फाडायला लागलं असतं. म्हणून मी चोरली, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"म्हणायचं नाही. विचारायचंय."

"ताई, मला कामे ही बाई असलेली हवी होती. जास्त चांगली स्टोरी आहे ती! मी काल जेवताना चैत्रालीला म्हटलं सुद्धा, जपानमधल्या लाखो मुलांचं बालपण तुझ्या आईने घडवलं. ती इतकी इमोशनल झाली की उठूनच गेली."

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, शुक्रवार पुढे ढकलता येईल का. तिने मान हलवली.

"क्योटोचे लोक तारीख हलवत नाहीत. शुक्रवारी सकाळपर्यंत पुरावा आला नाही तर शशिकांत यांचं नाव जाईल. एक सांगू? तुम्ही पुष्करला भेटा. त्याने त्या वह्यांसाठी तुमच्या ताईंना किती ईमेल्स केल्या होत्या, ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं.

३

पुष्कर म्हणजे नागपूरचा पोरगा, पस्तिशीचा. दिवसा किचनरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आणि उरलेला वेळ भाड्याच्या बेसमेंटमध्ये, जुने जपानी गेम दुरुस्त करत. मी गेले तेव्हा तो ड्राइव्हवे शोव्हल करत होता. मला बघून फावडं तसंच बर्फात खोचून आला.

"काकू, चहा टाकतो. बसा ना."

मी बसले नाही. त्याच्या भिंतीवर छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर गेमचे डबे. तपासनिसाची सवय मेली तरी जात नाही. प्रत्येक डब्याच्या मागे बारीक अक्षरात आकडा होता, आणि ओळ चुकली होती. ६२, ६३, मग १, मग २. पोराला अंक येत नाहीत की काय, असं म्हणत मी १ आणि २ उचलून डावीकडे लावले. तो चहा घेऊन आला, डब्यांकडे बघितलं आणि ते पुन्हा पहिल्या जागी ठेवले. मला त्याचा राग आला. माझ्यासमोर शिस्त शिकवतोय, असं वाटलं.

"ताईला ईमेल करून वह्या मागायचास?"

"मागायचो," तो म्हणाला. "विकत नाही, काकू. नुसत्या बघायला. त्यांनी कधीच हो म्हटलं नाही. एकदा लिहिलं, की त्यातली एक वही कुणाचीतरी आहे, तिला आधी वाचू दे, मग बघू."

"कुणाची?"

"ते नाही लिहिलं."

मी त्याचं बेसमेंट उलटंपालटं केलं. त्याने करू दिलं, वर स्वतः कपाटं उघडून दाखवली. शेवटी एक पारदर्शक पेटी काढली. आत 'सात सरोवरं'चा डबा होता, पहिल्या आवृत्तीचा.

"हा गेम डिसेंबरमध्येच तयार होता बरं का. एप्रिलपर्यंत गोडाऊनमध्ये पडून राहिला. फॅन लोकांना ही स्टोरी पाठ असते. नकाशे तर त्याआधीच्या उन्हाळ्यातले. कामेने ते आलेखाच्या कागदावर काढले आणि एकेका पानावर डायरेक्टरचा लाल शिक्का घेतला. शिक्का पडल्याशिवाय पान पुढे जायचंच नाही. ती पानं सापडली तर कामे कोण, यावर वाद उरणारच नाही."

"म्हणजे कामेची जागा बळकावणाऱ्याला ती पानं नकोशीच असणार," मी म्हटलं.

"हो ना. पण काकू, मी कशाला नकोशी करू? मी तर त्यांच्यासमोर फक्त उभा राहिलो असतो."

हे तो इतकं सरळ म्हणाला की अनुयासारखंच मी त्यालाही मनातल्या यादीतून खोडलं. उरला एकच. खरं सांगायचं तर मला पहिल्यापासून तोच हवा होता.

४

शशिकांत कनाटाला राहायचा. टेलिकॉममधून निवृत्त, मोठं घर. सोमवारी पहाटेच निघाले. चैत्राली दारात आली होती, ऑफिसला निघायच्या तयारीत, हातात तिची काळी बॅग.

"मावशी, रस्ते खराब आहेत. विंटर टायर्स आहेत ना?"

"आहेत. आणि तो माणूस हातात आल्याशिवाय मी परत येत नाही."

पाच तासांचा रस्ता मला सव्वासात लागले. वाटेत मी त्याला काय काय बोलायचं ते घोकत होते. ताईला हा माणूस क्योटोत भेटला. तोही आसागिरीत अर्धवेळ होता, ताईच्या ओळखीनेच लागलेला. ती आजारी होती तेव्हा फुलं घेऊन आला होता. ती गेली आणि दोन महिन्यांत याने क्योटोला पत्र टाकलं, की कामे मीच.

त्याने दार उघडलं. सत्तरीचा, टापटीप, घरातसुद्धा स्वेटरवर जाकीट.

"मृणालिनीबाई! एवढ्या बर्फात?"

"वही कुठे आहे?"

"कसली वही?"

मी अजून बूटही काढले नव्हते, तेवढ्यात आवाज चढवला. त्याने मला बसवलं, पाणी दिलं आणि समोर बसून थंडपणे म्हणाला, "तुमच्या ताईंबद्दल मला आदर आहे. पण त्या तिथे चहा करायच्या, भाषांतरं करायच्या. नकाशे आम्ही दोघे बोलत बोलत ठरवायचो. शेवटी मशीनमध्ये घातले कुणी? मी. मग कामे कोण?"

"तिने काढले आणि तुम्ही टाइप केले."

"तुम्ही पाहिलंत?"

मी पाहिलं नव्हतं. ते त्याला ठाऊक होतं आणि त्याचा त्याला आनंद होता. तो सोफ्यावर रेलला आणि आठवणी सांगायला लागला, जणू मी त्याची मुलाखत घ्यायला आले होते. त्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जपानचे सम्राट वारले. दुकानांचे झगमगते दिवे बंद झाले, जाहिराती थांबल्या. 'सात सरोवरं' पुढच्या आठवड्यात बाजारात यायचा होता, तो एप्रिलवर गेला. टोफूवालीने दुकानातलं कॅलेंडर उतरवलं.

"कॅलेंडर का?"

"त्यांची वर्षं सम्राटाची असतात ना. सम्राट गेला की मोजणी संपली. चौसष्टावं वर्ष सात दिवसांत आटोपलं आणि आठवा दिवस उजाडला तो पहिल्या वर्षाचा. आम्ही ऑफिसात आठवडाभर तारखा खोडत बसलो होतो."

मी ग्लास खाली ठेवला. तो टेबलाच्या कडेला लागला आणि पाणी सांडलं. त्याला वाटलं मी खचले. त्याने रुमाल पुढे केला.

"शशिकांतराव," मी विचारलं, "नकाशे कुठल्या वर्षी पुरे झाले? त्यांच्या मोजणीने?"

"त्रेसष्ट," तो लगेच म्हणाला. "अर्थात."

५

हायवेवरच्या विश्रांतीच्या थांब्यावर मी गाडी लावली आणि कागदावर सगळं लिहून काढलं, तक्रारीचा फॉर्म भरायचे तसं.

६१, ६२, ६३, १, २, ३. वह्या सहाच होत्या. सत्तावन्न कुठे हरवल्या नव्हत्या, कारण त्या कधी नव्हत्याच. ताईने कण्यावर वर्ष लिहिलं होतं आणि आम्ही तो वहीचा क्रमांक समजलो. पुष्करची फळी बरोबर होती, चुकली होती आमची.

म्हणजे चोराने 'सात सरोवरं'ची वही नेलीच नव्हती. ती ६३. ती कपाटात होती, माझ्या डोळ्यांसमोर. चोराने नेलेली १ ही नंतरची, गेम पुरा होऊन डब्यात बसल्यानंतरची.

आता चोर कोण? शशिकांतने ते वर्ष तिथे काढलं होतं, तारखा खोडल्या होत्या. पुष्कर ते आकडे रोज हाताळतो. अनुया टोकियोत शिकली, आणि लांबलेल्या एप्रिलची गोष्ट तिच्याच पुस्तकात आहे. रविवारी मी तिला नुसतं 'पहिली वही' म्हटलं होतं, कण्यावरचा आकडा सांगितलाच नव्हता. या तिघांतल्या कुणालाही पुरावा नाहीसा करायचा असता तर त्याने डोळे झाकून ६३ उचलली असती. १ला पहिली वही समजणारा माणूस जपानबद्दल कोरा होता. आणि त्या शनिवारी, त्या घरात, अशी माणसं दोनच होती. एक मी.

मला दुसरं नाव लिहवेना. कागद चुरगळून खिशात घातला.

संध्याकाळी उशिरा किचनरला पोचले तेव्हा चैत्राली बर्फामुळे अजून ऑफिसातून आली नव्हती. मी कोटसुद्धा न काढता खाली गेले, ६३ची पिशवी कात्रीने कापली. आलेखाचे कागद. डोंगर, वाटा, विहिरी, एकामागून एक सात सरोवरं, आणि कोपऱ्यात ताईचं छोटंसं कासव. खाली तिची सही, तारीख, आणि प्रत्येक पानावर लाल शिक्का. मी मोठ्याने हसले. शशिकांतचं तोंड कसं होईल ते मला दिसत होतं. ताई जिंकली होती.

रविवारी हीच पिशवी उघडली असती तर हे सगळं रविवारीच कळलं असतं. पण मला त्या दिवशी वही नको होती, चोर हवा होता.

मी पानं उलटत शेवटपर्यंत गेले. सगळी वही जपानीत होती. शेवटचं पान मराठीत होतं. ते मी वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले.

६

चैत्राली आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, वही टेबलावर पालथी.

"भेटला तो शशिकांत?"

"त्याने नेली नाही," मी म्हटलं. "जपान माहीत असलेल्या कुणीच नेली नाही. १ हे वर्ष आहे, चैतू. वहीचा नंबर नाही."

ती जॅकेट काढता काढता थांबली. मग काढून खुर्चीवर टाकलं आणि समोर बसली. तिने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

"आइस्क्रीम आणायला गेले तेव्हा," ती म्हणाली. "फ्रीझरच्या बाजूला तर आहे कपाट. अनुया म्हणाली ना, लाखो मुलांचं बालपण. मी चार वर्षांची होते, मावशी. हू वॉज घडवणार माझं? पाच वर्षं ती दुसऱ्या मुलांसाठी तळी खोदत होती. आणि आता तिचं नाव सोन्याच्या अक्षरात छापायला मीच फोटो काढू द्यायचे? नो. म्हटलं, जाऊ दे कामे. कुणाला कळूच नये ती कोण होती."

"कुठे आहे?"

"रविवारी गाडीच्या ट्रंकमध्ये होती. आज ऑफिसच्या श्रेडरमध्ये घातली."

आज. मी कनाटाला एका निर्दोष माणसाशी भांडायला गेले होते तेव्हा.

"वाचलीस?"

"उघडलीसुद्धा नाही." तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "तिने पाच वर्षं माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्या वहीकडे का बघू? आधी पत्रं तरी यायची. मग तीही बंद झाली. तूच म्हणायचीस, तुझ्या आईला खेळ जास्त प्यारे."

म्हणत होते. ते मी नाकारू शकत नव्हते. पण तिने वही कापून टाकली होती, ताईच्या हातची वही, आणि वर ताठ मानेने बसली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला रडवायला लागेल ते सगळं माझ्यासमोर टेबलावर होतं. त्या पानावर माझंही नाव आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी वही उलटी केली आणि शेवटचं पान तिच्याकडे सरकवलं.

"वाच. मराठी आहे."

ती बोट ठेवत ठेवत वाचू लागली, पुण्याच्या शाळेत शिकली होती तसं.

'नकाशे कधीच संपले, सगळ्यांवर शिक्के झाले, आता वर्षही संपत आलं. मृणालचं पत्र आलं. म्हणते, चैतूला पत्रं पाठवू नकोस, पत्र आलं की पोर दोन दोन दिवस जेवत नाही. बरं, नाही पाठवत. पण लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही. आता पुढची वही चैतूची. रोज एक पान. इथे का आले, दिवसभर काय केलं, तिची कधी आठवण आली, सगळं. मोठी झाली की तिच्या हातात देईन.'

तिने ते दोनदा वाचलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती रडली नाही.

"सोळा वर्षांची होते मी," ती हळूच म्हणाली. "आई माझ्या खोलीत आली होती. म्हणाली, तुला एक वाचायला देऊ का? मी म्हटलं, तुझ्या गेम्सचं मला काही देऊ नकोस. परत कधी विचारलं नाही तिने."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"मी दोन दिवस जेवायची नाही?"

"एकदा," मी म्हटलं. "एका रात्री जेवली नव्हतीस."

"मग दोन दोन दिवस का लिहिलंस?"

तुला माझी सवय झाली होती म्हणून. पत्र आलं की तू माझ्याजवळून उठून खिडकीत जाऊन बसायचीस म्हणून. ही उत्तरं मला तेव्हाही माहीत होती आणि त्या संध्याकाळीही. मी त्यातलं एकही दिलं नाही.

ती उठली, सिंकपाशी जाऊन पाणी प्यायली, आणि परत आली तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता.

"अनुयाला फोटो पाठव. आत्ता."

मी फोन काढला. एकेक नकाशा उलगडून फोटो काढले. ती पाठीशी उभी होती. सातवं सरोवर झालं आणि मी वही मिटायला लागले.

"हे पान राहिलं," ती म्हणाली.

"त्याची गरज नाही, चैतू. शिक्के आहेत, सह्या आहेत. पुरावा झाला."

"गरज मला आहे. छापू दे. तुझ्या नावासकट."

"चैतू..."

"आईची वही मी संपवली, ते मी जन्मभर विसरणार नाही. तू काय केलंस ते तूही विसरायचं नाही. आणि ते तुला एकटीला ठाऊक असून भागणार नाही."

पान फाडून खिशात घालायची इच्छा मला झाली होती, तासाभरापूर्वी, त्या पायरीवर. हे मी तिला सांगितलं नाही. पान सपाट केलं, फोटो काढला आणि पाठवला. अनुयाचं उत्तर पाच मिनिटांत आलं. तिने लिहिलं होतं, की पाठवलेल्या पानांत स्वतःविषयी लिहिलेलं हे एकच पान आहे, आणि क्योटोवाले ते नक्की घेतील, तिन्ही भाषांत.

मी त्याच रात्री विंडसरला जायला निघाले. चैत्राली दारापर्यंत आली नाही.

७

मे महिन्यात पुस्तक आलं. जड, गुळगुळीत कागदाचं. कामेचं प्रकरण बावीस पानांचं आहे. पहिल्याच ओळीत 'अरुणा मोघे, पुणे', आणि खाली ताईचा क्योटोतला फोटो, टोफूच्या दुकानासमोरचा, कापलेल्या केसांतला. शशिकांतचं नाव मागच्या यादीत आहे, नकाशे मशीनमध्ये भरणाऱ्यांत, चौथं. सातही सरोवरं छापली आहेत, शिक्क्यांसकट. आणि प्रकरण संपतं त्या मराठी पानावर. बाजूला जपानी आणि इंग्रजी भाषांतर, तळाशी टीप, की मृणाल ही कामेची धाकटी बहीण.

पुष्करने फोन केला, तो रडत होता. त्याला वाटत होतं की पुढची वही अजून कुठेतरी असेल. चैत्रालीला मी चार वेळा फोन केला, तिने घेतला नाही. पाचव्यांदा मी केला नाही.

जूनमध्ये एक दिवस कनाटाहून फोन आला. शशिकांतचा आवाज सावकाश होता, आणि त्याला काही घाई नव्हती.

"अभिनंदन, मृणालिनीबाई. पुस्तक वाचलं. अगदी शेवटच्या पानापर्यंत वाचलं," तो म्हणाला. "ती मृणाल म्हणजे तुम्हीच ना?"

"हो," मी म्हटलं. "मीच."